सहलीची बस किती वाजता निघावी?

हिवाळा आला की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागते. निसर्गसहलीची आखणी बहुधा दोन प्रश्नांपासून सुरू होते : कोठे जायचे आणि दरडोई किती रुपये पडतील? आमच्या मते त्याआधी तिसरा प्रश्न विचारायला हवा. जे पाहायला जायचे, ते किती वाजता दिसते? याचे उत्तर मिळाले की बस, खर्च, डबा यांची गणिते सोपी होतात.

उदाहरणासाठी पुण्यातील एका शाळेने मयूरेश्वर अभयारण्याची सहल ठरवली आहे असे धरू. बारामती तालुक्यात सुप्याजवळ असलेले हे अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. येथे घनदाट झाडी नाही. माळ, गवत, बाभळी, मध्येमध्ये पाणवठे. 'यात पाहायचे काय?' असे मुले प्रथम विचारतात आणि पुष्कळदा मोठेही. पण कोरड्या प्रदेशातील गवताळ माळ हा पडीक जमिनीचा तुकडा नसून एक पूर्ण परिसंस्था आहे. चिंकारा, खोकड, ससा, चंडोल, पखुर्डी, धाविक आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी या सर्वांचे ते घर आहे.

चिंकारा सकाळी आणि संध्याकाळी चरतो, उन्हे चढली की झुडपांच्या सावलीला बसतो. त्याचा रंग वाळलेल्या गवतासारखाच असतो, त्यामुळे बसलेला चिंकारा वीस पावलांवर असूनही दिसेलच असे नाही. पखुर्डीचे थवे सूर्योदयानंतर दोन-तीन तासांत पाणवठ्यावर येतात. पाणी पिऊन झाले की परत माळावर पसार. (पखुर्डीचा नर पोटाकडची पिसे पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो, ही गोष्ट मुलांना आदल्या दिवशी वर्गातच सांगून ठेवावी. मग पाणवठ्याशी गप्प बसणे सोपे जाते.) दहानंतर जमीन तापते, हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतूनही दूरचे चित्र हलते दिसते.

म्हणजे खरी सहल सात ते दहा या तीन तासांची. जानेवारीत पुण्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. अंतर सुमारे ७०-७५ किलोमीटर. भरलेली बस ताशी सरासरी ३५-४० किलोमीटरच जाते असे धरले, तर शाळेपासून पाचला निघावे लागेल. हडपसर, दिवेघाट, सासवड, जेजुरी असाही रस्ता आहे, पण अंधारात जाताना सोलापूर रस्त्याने यवत, चौफुला असे सपाटीवरून जावे हे बरे. परतताना उजेड असतो, तेव्हा घाटातून यायला हरकत नाही.

पाचला निघायचे तर चालक साडेचारला बस बाहेर काढणार. म्हणजे तो साडेतीनला उठणार. डिसेंबर-जानेवारीत लग्नसराई आणि सहली एकदमच येतात. आदल्या रात्री वऱ्हाड पोचवून बारा वाजता आलेल्या चालकाच्या हाती पहाटे पंचेचाळीस मुले सोपवायची का? २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायद्यानुसार (१९६१) चालकाचे काम सामान्यतः दिवसाला आठ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांती धरून कामाचा एकूण पसारा बारा तास असे. त्या हिशेबाने साडेचारला सुरू झालेला दिवस संध्याकाळी साडेचारला संपला पाहिजे. बस ठरवताना रंग, गाद्या, संगीताची सोय पाहिली जाते. आम्ही आग्रहाने सांगू की मालकाला पहिला प्रश्न 'चालक आदल्या रात्री कोठे असेल?' हा विचारावा. योग्यता प्रमाणपत्र, विमा, संकटकालीन दरवाजा उघडतो की नाही आणि प्रथमोपचार पेटी या गोष्टी त्यानंतर, पण न चुकता.

आता पैशांकडे वळू. खाजगी बसचे भाडे किलोमीटरवर असते, पण पुष्कळ मालक दिवसाचे किमान किलोमीटर ठरवतात. समजा ते ३०० आहेत. आपली सहल १५० किलोमीटरची, पैसे ३०० चे. शिवाय मोजणी बहुधा गॅरेजपासून गॅरेजपर्यंत होते. येथेच घोटाळा होतो. 'पैसे दिलेच आहेत तर मोरगाव करू, जेजुरी करू, भिगवणचे पाणपक्षीही पाहू' असा विचार सुचतो. मोरगाव वाटेवरच आहे, त्याला आमची ना नाही. पण भिगवण जोडले की मुलांचे तीन तास एका तासावर येतात आणि चालकाचा दिवस पंधरा-सोळा तासांचा होतो. न वापरलेले किलोमीटर वाया गेले असे आपल्याला उगीचच वाटते. ते खुपत असेल, तर एस.टी.च्या प्रासंगिक कराराची चौकशी करावी, शाळांना त्यात सवलत मिळते. किंवा लहान बस घेऊन मुले दोन तुकड्यांत दोन शनिवारी न्यावीत.

हा दुसरा मार्ग आम्हांला अधिक पसंत आहे. पंचेचाळीस मुले दीड-दीड मीटर अंतराने एका रांगेत चालली तर रांग ६६ मीटर लांब होते. पुढच्याने चिंकारा पाहिला, ती कुजबूज शेपटापर्यंत पोचेपर्यंत चिंकारा गेलेला असतो. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी पलायन-अंतराची कल्पना मांडली. शत्रू या अंतराच्या आत आला की प्राणी पळतो. गोंगाट, गर्दी आणि सरळ अंगावर चालून जाणे यांनी प्राणी लवकर बिचकतो. पंधरा मुले, एक शिक्षक, वीस मिनिटांचे अंतर, असे तीन गट केले तर एका बसमध्येही निभते. थांबलेल्या गटाने सुतळीचा एक मीटर बाजूचा चौकोन जमिनीवर टाकून त्यात किती प्रकारची गवते आहेत ते मोजावे. उपटायचे मात्र काही नाही, अभयारण्यातून काही नेण्यास कायद्याने बंदी आहे.

कपड्यांबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. लाल स्वेटर पाहून हरिण पळते असे म्हणतात. खुरी प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यांना लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. पक्ष्यांना मात्र चार प्रकारच्या असतात, त्यांना आपल्यापेक्षाही अधिक रंग दिसतात. वाळल्या गवतावर सर्वांत उठून दिसतो तो पांढरा रंग. म्हणून गणवेशाचा पांढरा शर्ट त्या दिवशी शक्यतो घरी ठेवावा. खाकी चालेल.

बस फाटकाबाहेर, इंजिन बंद, गाणी बंद. मुले माळावर असताना चालकाला झोपू द्यावे. साडेदहाला डबे उघडावेत, कारण पहाटे चारला उठलेल्या मुलांना तेव्हा कडकडून भूक लागते. आणि फाटकापाशी एवढ्या मुलांच्या पाण्याची, स्वच्छतागृहाची सोय असेलच असे गृहीत धरू नये. जाताना चौफुल्याला पंधरा मिनिटे थांबण्याची वेळ वेळापत्रकात आधीच धरावी, म्हणजे पाचऐवजी पावणेपाच.