आधी वाट, मग वाटी

मे महिना संपत आला की इंग्लंडमध्ये नीट अंधार पडायला रात्रीचे दहा वाजतात. आमचं घर रेडिंगच्या कडेला, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेत आहे. प्रत्येक घरामागे बागेची एक लांबट पट्टी आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये सहा फुटी लाकडी कुंपण. सव्वादहाच्या सुमारास या कुंपणाच्या बुडाशी वाळका पाला खसपसू लागतो. मांजर आलेलं ऐकू येत नाही. कोल्हा आला तर त्याच्या उग्र वासावरून कळतं. पाला ढकलत, नाकाने फुसफुस करत, कोणाची भीडभाड न ठेवता येतो तो हेजहॉग.

काटे म्हटले की आपल्याला साळिंदर आठवतं. पण या दोघांचं काही नातं नाही. साळिंदर उंदीर-घुशींसारखं कुरतडणारं जनावर, तर हेजहॉग किडे खाणारा, आपल्याकडच्या चिचुंद्रीचा दूरचा भाऊबंद. भारतातही हेजहॉग आहेत. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात ते आढळतात आणि दक्षिणेत तमिळनाडूच्या बाजूला एक वेगळी जात आहे. इंग्लंडच्या बागांत येणारा युरोपीय हेजहॉग त्यांच्यापेक्षा आकाराने मोठा असतो. पूर्ण वाढलेल्याचं वजन साधारण अर्धा ते सव्वा किलो भरतं. पाठीवर पाच ते सात हजार काटे असतात आणि प्रत्येक काटा म्हणजे कडक झालेला पोकळ केसच. पोटाला मात्र राठ, तपकिरी केस. धोका जाणवला की पाठीच्या कातडीच्या कडेने फिरणारा स्नायू बटव्याच्या नाडीसारखा आवळला जातो आणि तोंड, पाय, पोट सगळं आत जातं. मांजर अशा वेळी थोडा वेळ वास घेऊन निघून जातं. बॅजर या इथल्या जंगली प्राण्याच्या भक्कम नख्यांपुढे मात्र हे चिलखत टिकत नाही.

त्याला पाहायचं तर मागच्या दारातला दिवा बंद करून पायरीवर शांत बसावं लागतं. मी टॉर्चवर लाल कागद लावून घेते आणि अंगाला अत्तर-साबणाचा वास नसेल असं पाहते, कारण त्याची नजर अधू असली तरी नाक आणि कान फार तीक्ष्ण असतात. हललं नाही तर तो हातभर अंतरावरूनही जातो. नाक सतत ओलं, सतत हलतं. हिरवळीच्या कडेने जाताना ते गवतात खुपसत तो पुढे सरकतो, मध्येच थांबतो, मान किंचित वाकडी करतो आणि झडप घालतो. भुंगेरा चावल्याचा कडकड आवाज पायरीपर्यंत येतो. गांडूळ सापडलं तर ते बिळातून ओढून काढताना तो पुढचे पाय जमिनीत रोवतो. एरवी पाय काट्यांच्या झालरीखाली झाकलेले असतात, पण हिरवळ ओलांडायची वेळ आली की अंग उचलून तो चांगला धावतो आणि तेव्हा हे पाय किती लांब आहेत ते दिसतं.

हेजहॉगसाठी बशीत दूध आणि पाव ठेवण्याची इथे जुनी रीत आहे. ती मायेपोटी पडली असली तरी ती सोडायला हवी. गाईचं दूध त्याला पचत नाही, हगवण लागते आणि लहान पिल्लं त्यात दगावू शकतात. पक्ष्यांसाठी मिळणाऱ्या वाळवलेल्या अळ्या तो आवडीने खातो, पण त्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. त्याच त्या खात राहिला तर हाडं ठिसूळ होतात. मांजराचं किंवा कुत्र्याचं मांसाचं खाणं वाटीभर आणि उथळ बशीत पाणी, एवढंच पुरे. कोरड्या उन्हाळ्यात गांडुळं खोल जातात, जमीन टणक होते. अशा वेळी खाण्याच्या वाटीपेक्षाही ती पाण्याची बशी जास्त उपयोगी पडते.

मी रोज रात्री जागू शकत नाही. त्यासाठी ठशांचा बोगदा करतात. अभ्यासकांनी रूढ केलेली ही पद्धत घरीही सहज जमते. नालीदार प्लास्टिकचा पत्रा दुमडून मीटरभराहून थोडा लांब असा त्रिकोणी बोगदा करायचा आणि तो कुंपणाच्या कडेला ठेवायचा. मधोमध खाणं. त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीच्या पट्ट्या लावून त्यांवर कोळशाची पूड वनस्पती तेलात कालवून फासायची. ही शाई पाय चाटले तरी बाधत नाही. दोन्ही टोकांना पांढरे कागद. प्राणी आत शिरतो, शाईवरून खाण्यापर्यंत जातो आणि बाहेर पडताना कागदावर सही करून जातो. सर्वेक्षणात हे सलग पाच रात्री करतात. पहाटे कागद काढून वाचायचे. हेजहॉगच्या पुढच्या पायाचा ठसा रुंद, तान्ह्या बाळाच्या पंजाची आठवण व्हावी असा असतो. मागच्या पायाचा ठसा अरुंद आणि लांबट. मांजराचा ठसा गोल, नखांची खूण नसलेला, तर उंदराचा बारीक आणि बोटं फाकलेला. आमच्या घरी शाळेला निघण्याआधी कागद आणायचं काम मुलांकडे आहे आणि ठसा कोणाचा यावरून त्यांचे वादही होतात. हिरवळीवर काळी, चकचकीत, भुंगेऱ्यांच्या पंखांचे तुकडे असलेली विष्ठा दिसली तर तीही त्याचीच हजेरी.

या रात्री पाहत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. ज्याला आपण ‘आपला हेजहॉग’ म्हणतो तो बहुधा एकच नसतो. काट्यांवर खुणा करून केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे की एकाच बागेत निरनिराळे हेजहॉग येऊन जातात. एक हेजहॉग रात्रीत एक ते दोन किलोमीटर फिरतो आणि नर त्याहूनही जास्त. तो आपला इलाखा राखत नाही, कोणालाही हुसकावत नाही. पण एका बागेत त्याचं भागतही नाही. आमची पट्टी त्याला जेमतेम काही मिनिटांची. उरलेली रात्र त्याला इतरांच्या बागा लागतात. आणि तिथे कुंपण आडवं येतं.

जुन्या कुंपणांच्या फळ्या कुजायच्या, खाली फटी पडायच्या, त्यांतून त्याची ये-जा चालायची. आता नव्या कुंपणांच्या बुडाशी फळी कुजू नये म्हणून काँक्रीटचा आडवा पाट बसवतात. माणसाच्या दृष्टीने पक्कं काम, हेजहॉगच्या दृष्टीने बंद रस्ता. त्याला लागतं १३ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर उंच एवढं भोक. बहुतेक पाळीव कुत्री-मांजरं त्यातून जाऊ शकत नाहीत, तो जातो.

इथे दोन घरांमधलं कुंपण बहुधा एका बाजूच्या मालकीचं असतं, म्हणून करवत उचलण्याआधी शेजारी जाऊन विचारायला हवं. आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ दारातच म्हणाले, “माझ्या लहानपणी हे रोज दिसायचे.” मग ते स्वतः पट्टी आणि पेन्सिल घेऊन आले. जागा निवडली बागेच्या मागच्या टोकाला, झुडपाच्या आडोशाला, दिव्यापासून दूर. फळीवर चौकोन आखला, चार कोपऱ्यांना ड्रिलने भोकं पाडली, त्यांतून करवत घालून तुकडा काढला आणि कडा काचपेपरने गुळगुळीत केल्या. जिथे काँक्रीटचा पाट आहे तिथे तो फोडत बसण्याऐवजी खालून माती उकरून वाट करता येते. भोक तयार ठेवलेले पाटही बाजारात मिळतात. पुढे त्यांनीच पलीकडच्या घराला सांगितलं, त्या घराने त्याच्या पलीकडच्याला. वाटी कोणीही ठेवेल, पण वाट एकट्याने होत नाही. त्यासाठी शेजाऱ्याचं दार वाजवावंच लागतं.

ब्रिटनमधलं हेजहॉगचं काम सुरू झालं तेही वाटेच्याच प्रश्नातून. मेंढ्या-गुरं रस्त्यावरून पलीकडे जाऊ नयेत म्हणून इथे खड्ड्यावर लोखंडी गज टाकतात. त्या खड्ड्यांत पडलेला हेजहॉग भुकेने मरतो. श्रॉपशरमधले मेजर एड्रियन कोल्स यांनी अशा खड्ड्यांत छोटी उतरती फळी बसवावी असा आग्रह धरला आणि १९८२ साली ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्वेशन सोसायटी उभी केली. त्याच संस्थेने पीपल्स ट्रस्ट फॉर एन्डेंजर्ड स्पीशीजबरोबर २०११मध्ये ‘हेजहॉग स्ट्रीट’ मोहीम सुरू केली. कुंपणाला भोक पाडा, हेच तिचं मुख्य सांगणं.

उन्हाळा चढला की बागेत दुसराच गोंधळ सुरू होतो. नर मादीभोवती गोल गोल फिरत राहतो, मादी फुत्कारत त्याच्याकडे काटे वळवत राहते आणि हे कधीकधी तासन्‌तास चालतं. चार-पाच आठवड्यांनी पिल्लं होतात, बहुधा चार-पाच. जन्मताना काटे फुगलेल्या कातडीखाली दडलेले असतात, त्यामुळे आईला इजा होत नाही. काही तासांतच पहिले पांढरे काटे वर येतात. सहा-आठ आठवड्यांत पिल्लू स्वतंत्र होतं.

खरी परीक्षा शरद ऋतूत. साधारण नोव्हेंबर ते मार्च हेजहॉग शीतनिद्रेत असतो. मिनिटाला दोनशेच्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके वीसच्या घरात येतात, अंग थंडगार पडतं आणि साठवलेल्या चरबीवर हिवाळा काढायचा असतो. उशिरा जन्मलेल्या पिल्लांना एवढी चरबी साठवायला वेळच मिळत नाही. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी आमच्या हिरवळीवर एक पिल्लू लडखडत फिरत होतं. भर दिवसा उघड्यावर दिसणारा हेजहॉग बहुतेक वेळा संकटात असतो. जाड हातमोजे घालून त्याला उचललं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. हिवाळ्यासाठी निदान ४५० ग्रॅम तरी हवेत. उंच कडांच्या खोक्यात टॉवेल, त्याखाली गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, आणि तडक बचाव केंद्राला फोन. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी हिवाळाभर त्याला सांभाळलं.

शीतनिद्रेचं घरटं तो पानांचे थरावर थर लावून करतो. म्हणून झाडाखालचा पाला उचलून फेकू नये, एका कोपऱ्यात ढीग राहू द्यावा. ५ नोव्हेंबरच्या रात्री इथे शेकोट्या पेटवण्याची प्रथा आहे; त्यासाठी रचलेली लाकडं पेटवण्याआधी उचलून दुसरीकडे रचावीत, कारण त्यांखाली तो झोपलेला असू शकतो. लांब गवत कापण्याआधी हाताने चाचपून पाहावं. डबक्याला एका बाजूने उतार द्यावा. त्याला पोहता येतं, पण उभी कड चढता येत नाही. गोगलगायी मारायची मेटाल्डिहाइडची विषारी गोळी ब्रिटनमध्ये २०२२पासून बागेत वापरायला बंद आहे. जुना डबा शेडमध्ये पडला असेल तर तो नीट विल्हेवाटीसाठी द्यावा.

बागेतल्या या बारीकसारीक गोष्टींना आज एवढं महत्त्व का? शेतांच्या बांधांवरची झुडपांची कुंपणं उपटली गेली, शेतं मोठी झाली, फवारण्यांनी किडे घटले, रस्त्यांवर गाड्या वाढल्या. ‘स्टेट ऑफ ब्रिटन्स हेजहॉग्ज’च्या २०२२च्या अहवालानुसार ग्रामीण भागांत २०००पासून हेजहॉगची संख्या भागाभागाप्रमाणे ३० ते ७५ टक्क्यांनी घटली आहे. २०२०मध्ये ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली. शहरांत मात्र घसरण थांबल्याची, काही ठिकाणी सावरल्याची चिन्हं आहेत. ज्या प्राण्याचं नावच झुडपांच्या कुंपणावरून पडलं, त्याचा मोठा आधार आज शहरातल्या बागा आहेत. पण म्हणून दुसरीकडून हेजहॉग आणून सोडू नयेत. स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावर १९७४मध्ये गोगलगायींवर उपाय म्हणून हेजहॉग सोडले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी त्यांनी फस्त केली. जिथे तो मुळातच आहे तिथे त्याला फिरू द्यावं, एवढंच आपलं काम.

ब्रिटनमध्ये घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना माझं एक मागणं आहे. देखभाल नको म्हणून मागची बाग फरशीने किंवा प्लास्टिकच्या गवताने झाकू नका, निदान कडेची एक पट्टी मातीची राहू द्या. कोपऱ्यात पाल्याचा ढीग ठेवा. आणि या शनिवारी शेजाऱ्याचं दार वाजवून १३ सेंटिमीटरचा एक चौकोन कापायची परवानगी मागा.