दंतवैद्याच्या खुर्चीत दिसणाऱ्या खुणा

आज आम्ही दातांपेक्षा थोडं वेगळं बोलणार आहोत. शारीरिक अत्याचार झालेल्या मुलांमध्ये निम्म्याहून अधिक वेळा इजा डोकं, चेहरा किंवा मानेवर असते. म्हणजे नेमकी आम्ही दंतवैद्य रोज बघतो त्या भागावर.

आता, मुलं पडतातच. पडल्यावर कपाळ, हनुवटी, गुडघा अशा हाडाच्या जागी लागतं. पण कानावर, गालाच्या मऊ भागावर किंवा मानेवर वळ असतील तर थांबून विचार करावा. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी एक पातळ पट्टी असते. चालायला शिकणाऱ्या मुलाची ती पडून फाटू शकते. पण जे बाळ अजून रांगतही नाही, त्याची कशी फाटली? जबरदस्तीने भरवताना किंवा माराने ती फाटते. एकच खूण पुरावा नसते. सांगितलेली हकिकत आणि इजा यांचा मेळ बसतो का, हे बघायचं.

दुसरा प्रश्न दुर्लक्षाचा. तोंडभर किडलेले दात म्हणजे दुर्लक्ष, असं म्हणता येणार नाही. दवाखाना तालुक्याला, तिथे जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. अशा आईवर ठपका ठेवणं अन्याय आहे. तिला गरज मदतीची आहे. पण मूल दुखण्याने झोपत नाही, पालकांना नीट समजावलंय, उपचार परवडणारे आणि जवळ आहेत, आणि तरीही मुलाला आणत नाहीत, तेव्हा त्याला दुर्लक्ष म्हणावं लागतं.

मग करायचं काय? मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहायचं. उत्तर सुचवणारे प्रश्न टाळायचे. इजेची जागा, आकार, रंग नोंदवायचा. बालरोगतज्ज्ञांचं मत घ्यायचं. पालकांना तिथेच जाब विचारू नये; त्याची किंमत घरी गेल्यावर मूल मोजतं.

लैंगिक अत्याचाराबाबत मात्र कायद्याने पर्यायच ठेवलेला नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सद्हेतूने कळवणाऱ्याला हाच कायदा संरक्षण देतो. मारहाण किंवा दुर्लक्षाच्या बाबतीत १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार डॉक्टरही मुलाला बालकल्याण समितीपुढे नेऊ शकतात.

आमच्यातले बरेच जण गप्प बसतात, कारण ‘चुकलो तर?’ ही भीती असते. पण गुन्हा सिद्ध करणं हे आमचं कामच नाही. त्यासाठी पोलीस आहेत, समिती आहे, न्यायालय आहे. आम्हाला शंका आली, तर ती लिहून ठेवायची आणि योग्य ठिकाणी पोचवायची. शंका चुकीची निघाली तर एका कुटुंबाला थोडा मनस्ताप होईल. खरी असूनही आम्ही गप्प राहिलो, तर मूल त्याच घरी परत जाईल.