बोलायला उभं राहिल्यावरचं पहिलं मिनिट

मोहनदास गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले, आणि पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांनी आपला पहिला खटला घेतला. ममीबाई नावाच्या अशिलाचं साधं प्रकरण होतं, फी तीस रुपये. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करायला ते उभे राहिले आणि डोकं गरगरू लागलं. एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले, दुसरा वकील करा असं सांगितलं आणि फी परत देऊन निघून गेले. त्याआधी इंग्लंडमध्ये तर जेमतेम पानभर लिहून आणलेलं भाषणही त्यांच्याच्याने वाचवलं नव्हतं, दुसऱ्याने वाचून दाखवलं होतं. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मकथेत नोंदवून ठेवलं आहे. सभाधीटपणा जन्मजात असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ती प्रकरणं जरूर वाचावीत.

उभं राहिल्यावर नेमकं होतं काय? समोर शंभर डोळे आपल्याकडे लागलेले दिसले की मेंदू त्याला धोका समजतो आणि शरीराला पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीत आणतो. अॅड्रेनालिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात. लाळ आटते, जीभ टाळूला चिकटते. श्वास वरच्या वर चालतो, त्यामुळे वाक्य पुरं होण्याआधीच दम संपतो आणि आवाज कापतो. यात दुबळेपणाचा काही संबंध नाही. अनेक वर्षं सभा गाजवणाऱ्यांनाही आतून हे होतच असतं.

मात्र या धडधडीला एक क्रम आहे, आणि तो कळला की निम्मं काम झालं. ती सर्वांत जास्त असते ती आपलं नाव पुकारलं जाताना आणि पहिली काही वाक्यं बोलताना. त्यानंतर बहुतेकांच्या बाबतीत ती आपोआप उतरू लागते. म्हणून भीती समूळ घालवण्याच्या मागे लागू नये. सांभाळायचं असतं ते पहिलं मिनिट. सगळी तयारी त्या मिनिटाच्या हिशेबाने करावी.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून अख्खं भाषण पाठ करून घेतात. ‘अध्यक्षमहोदय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथून जी गाडी सुटते ती एक शब्द निसटला की जागीच थांबते, कारण पुढचं वाक्य आधीच्या शब्दाला बांधलेलं असतं. मुलं रडत मंचावरून उतरतात आणि आयुष्यभर माईकपासून लांब राहतात. ही पद्धत बंद व्हायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. पाठ करायची ती पहिली दोन-तीन वाक्यं आणि शेवटचं एक. सुरुवातीची वाक्यं झोपेतून उठवलं तरी म्हणता यावीत इतकी घोटावीत, कारण ती बोलताना डोकं साथ देणार नसतं. मधल्या भागाचे चार-पाच मुद्दे शब्दांत न बांधता मनात ठेवावेत आणि सराव करताना दर वेळी वेगळ्या शब्दांत मांडून पाहावेत. सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करावा. मनातल्या मनात म्हटलेलं भाषण नेहमीच सुरळीत होतं, त्यावर विसंबू नये.

मुद्दे लिहायचे तर जाड पुठ्ठ्याच्या छोट्या कार्डावर, मोठ्या अक्षरात. पातळ कागद हातातल्या बारीक कंपानेही फडफडतो, आणि तो फडफडताना दिसला की आपणच आणखी घाबरतो. कार्यक्रमाआधी थोडं लवकर जाऊन रिकाम्या सभागृहात मंचावर उभं राहावं, माईकची उंची बघावी, दोन वाक्यं बोलून आपला आवाज स्पीकरमधून कसा येतो ते ऐकावं. नाव पुकारायच्या आधी खुर्चीत बसूनच श्वास चार आकडे मोजत घ्यावा आणि सहा-सात आकडे मोजत सावकाश सोडावा, असं पाच-सहा वेळा. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती खाली येते. माईकसमोर पोचल्यावर लगेच तोंड उघडू नये. पाय जमिनीवर नीट रोवावेत, समोर एकदा पाहावं, मग सुरुवात करावी. ते दोन-तीन सेकंद आपल्याला लांबलचक वाटतात, श्रोत्यांना अजिबात वाटत नाहीत.

आपली धडधड सगळ्यांना दिसतेय, हा समज तर मुळातूनच काढून टाकावा. केनेथ सॅवित्स्की आणि टॉमस गिलोव्हिच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही वक्त्यांना आधीच सांगितलं होतं की तुमची अस्वस्थता तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. एवढं कळलेल्या वक्त्यांची भाषणं त्यांना स्वतःला तर बरी वाटलीच, ऐकणाऱ्यांनाही इतरांपेक्षा चांगली वाटली. म्हणून ‘मी जरा घाबरलोय, सांभाळून घ्या’ अशी सुरुवात करू नये. कुणाच्या लक्षातही न आलेली गोष्ट आपणच दाखवून देतो.

मध्येच काही आठवेनासं झालं तर थांबावं, घोटभर पाणी प्यावं, कार्डाकडे बघावं. आत्ताच बोललेलं वाक्य पुन्हा सावकाश म्हटलं तरी पुढचा मुद्दा सापडतो.

आणि सांगण्यासारखं काही हवं. कोर्टात गोठलेले गांधी १८९३ मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांच्या बैठकीत बोलले. व्यापारातल्या खरेपणाचा विषय होता, त्याची तयारी करून ते गेले होते. आपलं पहिलं जाहीर भाषण म्हणावं तर तेच, असं त्यांनी लिहिलं आहे. इथे बैठक छोटी होती, समोर आपलीच माणसं होती आणि मनापासून सांगायचं काही होतं. सुरुवात करायला याहून चांगली जागा नाही.

भीतीमुळे नोकरी, शिक्षण अडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावं, त्यावर उपचार आहेत. मात्र धडधड कमी करणारी गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नये, दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची ठरू शकते.

बाकीच्यांनी संधी शोधावी. सोसायटीची सभा आहे, ग्रामसभा आहे, वाचनालयाचा कार्यक्रम आहे. एकदाच मोठं भाषण करण्यापेक्षा लहान लहान प्रसंगी वरचेवर बोलल्याने भीती लवकर उतरते. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाची कामं वाटली जातील तेव्हा आभारप्रदर्शन मागून घ्या. दोन मिनिटांचं काम असतं, नावं कार्डावर लिहिता येतात, आणि ज्यांची नावं घ्यायची ती माणसं समोरच बसलेली असतात.