फासे, नाणे आणि फुटबॉल

विरारच्या एका मैदानावर आम्ही शाळकरी मुलांचा फुटबॉलचा सामना पाहत उभे होतो. एका बाजूला दक्षिण मुंबईहून आलेला संघ होता. सर्वांचे बूट सारखे, सोबत प्रशिक्षक आणि बदली खेळाडूंची पूर्ण रांग. दुसऱ्या बाजूला आपली स्थानिक मुले. दोघांचे बूट उसने आणलेले, आणि बदली खेळाडू एकच. स्थानिक संघ ०-१ ने हरला. परत येताना नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, त्यांच्याकडं सगळंच आहे. आपण कधी जिंकू शकतो का, की उगाच खेळतो?"

"प्रयत्न केला की सगळे जमते" असे उत्तर आपण शिक्षक पटकन देऊन टाकतो. पण मुलाने खराखुरा प्रश्न विचारला होता आणि त्याला खरे उत्तर मिळायला हवे होते. ते गणितात सापडते का, हे आम्ही पाहायचे ठरवले. तुम्हीही हे वर्गात करून पाहू शकता. त्यासाठी एक फासा आणि एक नाणे पुरे.

फाशांचा सामना

फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा असतो. त्याचे दहा-दहा मिनिटांचे ९ भाग करू. प्रत्येक भागात श्रीमंत संघाने एकदा फासा टाकायचा. ६ पडले तर गोल. म्हणजे सरासरीने एका सामन्यात त्याचे दीड गोल होतील. गरीब संघाने फासा आणि नाणे दोन्ही टाकायचे. ६ पडले आणि नाण्याचा छापाही आला, तरच गोल. म्हणजे गरीब संघाची ताकद श्रीमंत संघाच्या बरोबर निम्मी, सामन्याला सरासरी पाऊण गोल.

खेळण्याआधी मुलांना अंदाज करायला सांगा: दुप्पट ताकदीचा संघ १०० पैकी किती सामने जिंकेल? बहुतेक मुले ८० किंवा ९० म्हणतील. मग दोन-दोन मुलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला चार-पाच सामने खेळायला लावा आणि सगळ्यांचे निकाल फळ्यावर एकत्र मांडा.

संभाव्यतेच्या नियमांनी गणित केले तर उत्तर असे येते: १०० सामन्यांपैकी श्रीमंत संघ सुमारे ५७ जिंकतो, २६ बरोबरीत सुटतात आणि १७ सामने चक्क गरीब संघ जिंकतो. दुप्पट ताकद असूनही श्रीमंत संघाला १०० पैकी ४३ वेळा विजय मिळत नाही!

याचे कारण एकच. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. मोजायच्या घटना थोड्या असल्या की योगायोगाला वाव जास्त राहतो. नाणे तीनदा उडवले तर तिन्ही वेळा छापा येणे काही विशेष नाही. तीनशे वेळा उडवले तर मात्र छापे दीडशेच्या आसपासच राहतात. हाच विचार सामन्याला लावू. समजा, दर दहा मिनिटांऐवजी दर मिनिटाला फासा टाकला. म्हणजे ९ ऐवजी ९० भाग झाले आणि गोलही दहापट झाले. आता श्रीमंत संघ १०० पैकी सुमारे ९४ सामने जिंकतो आणि गरीब संघाच्या वाट्याला तीन-चार येतात. बास्केटबॉलमध्ये गुणांची संख्या शंभराच्या घरात जाते. म्हणून तिथे दुबळ्या संघाने बलाढ्य संघाला हरवणे फुटबॉलपेक्षा अवघड असते.

बचाव करणारा संघ भित्रा असतो का?

आता भाग कमी करून पाहू. गरीब संघाने आपल्या गोलापुढे भिंत उभी केली, चेंडू बाहेर घालवला, खेळ संथ केला. दोन्ही बाजूंच्या संधी घटल्या आणि ९ ऐवजी ४ भागच उरले. आता श्रीमंत संघ १०० पैकी ४० सामनेच जिंकतो, ४४ बरोबरीत सुटतात आणि गरीब संघ १६ जिंकतो. गरीब संघाचे विजय वाढले नाहीत, उलट एखादा कमी झाला. पण न हरण्याची शक्यता ४३ वरून ६० वर गेली.

बाद पद्धतीच्या स्पर्धेत बरोबरी झाली की टायब्रेकर होतो. त्यात दोघांना समान संधी आहे असे धरू. मग गरीब संघाची पुढच्या फेरीत जाण्याची शक्यता १०० त ३० वरून ३८ होते. दुबळे संघ बचावात्मक खेळतात ते भित्रेपणाने नव्हे. गणित त्यांच्या बाजूने असते.

म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर 'हो' असे आहे. एका सामन्यात गरीब संघ जिंकू शकतो, आणि आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त वेळा.

साखळीत मात्र

पण साखळी स्पर्धेचे काय? आपले हेच दोन संघ एकमेकांशी १८ सामने खेळले असे समजू. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. सरासरीने श्रीमंत संघाचे ३५ गुण होतील आणि गरीब संघाचे १४. १८ सामन्यांनंतर गरीब संघ पुढे असेल असे १०० पैकी जेमतेम एक-दोनदा घडेल. सामने वाढले की योगायोग एकमेकांना छेद देतात आणि खरी ताकद वर येते.

ही ताकद पैशाशी किती बांधलेली असते? स्टीफन शिमान्स्की या अर्थतज्ज्ञाने इंग्लंडमधल्या ४० क्लबांचा १९७८ ते १९९७ या काळातला हिशेब तपासला. दीर्घ काळाची सरासरी घेतली, तर क्लबांच्या स्थानांतला सुमारे नऊ दशांश फरक एकट्या खेळाडूंच्या पगारखर्चावरून सांगता येत होता. तिथल्या प्रीमियर लीगला १९९२ मध्ये सुरुवात झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंत फक्त ७ क्लबांना तिचे विजेतेपद मिळाले. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटी विजेता झाला, तेव्हा जग थक्क झाले ते यामुळेच.

आयझॉलची गोष्ट

असे उदाहरण आपल्या देशातही आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईतून निघतो.

खालिद जमील हे मुंबई एफसी या क्लबचे २००९ पासून प्रशिक्षक होते. २०१६ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. हा क्लब २०१५-१६ च्या मोसमात आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडले, म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. समोर कोलकात्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल आणि बंगळूरचा बंगळूर एफसी असे कितीतरी पटींनी श्रीमंत क्लब होते.

२२ एप्रिल २०१७ रोजी आयझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवले. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि विजेतेपद निश्चित झाले. १८ सामन्यांत आयझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६.

एका गुणाच्या फरकात नशिबाचा हात असणारच. पण आपले फासे सांगतात की निम्म्या ताकदीचा संघ नुसत्या नशिबावर १८ सामन्यांनंतर वर राहत नाही. म्हणजे आयझॉलची ताकद निम्मी नव्हतीच. फक्त तिजोरी लहान होती. कमी पैशांत त्यांनी आपला फासाच बदलला होता.

तो कसा? एक, मिझोराममध्ये गल्लोगल्ली फुटबॉल आहे. राज्याची स्वतःची लीग २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये मिझोरामने संतोष करंडक जिंकला. चांगले खेळाडू घराजवळच तयार होत होते, ते विकत आणावे लागत नव्हते. दोन, इतरांनी कमी लेखलेले खेळाडू जमील यांना नेमके ठाऊक होते. मुंबईचा जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे दोघे मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले होते. ते आयझॉलच्या विजयी संघात होते. सीरियाचा महमूद अल अमना मधल्या फळीत होता. तीन, संघ शिस्तीने बचाव करणारा होता, आणि त्याचा फायदा काय ते आपण वर पाहिलेच. माणसे ओळखणे, तरुण मुले घडवणे आणि एकत्र सराव करणे यांना पैसे लागतात, पण नामवंत खेळाडू विकत घेण्याइतके लागत नाहीत.

पुढच्या वर्षी काय झाले?

गोष्ट इथे संपवली असती तर ती छान बोधकथा झाली असती. पण विजेतेपदानंतर जमील आणि अल अमना ईस्ट बंगालमध्ये गेले, राणे आणि मेहता कोलकात्याच्याच एटीके या क्लबमध्ये गेले. पुढच्या मोसमात आयझॉल पाचवा आला. श्रीमंत इंडियन सुपर लीगचे दार त्याला विजेतेपदानेही उघडले नाही. लेस्टरचेही तसेच. न्गोलो कांते २०१६ मध्ये चेल्सीत गेला आणि पुढच्या मोसमात संघ बाराव्या स्थानावर उतरला.

फासा बदलता येतो, पण तो टिकवणे अवघड. चांगला खेळाडू तयार झाला की जास्त पैसे देणारा त्याला घेऊन जातो. यात खेळाडूचा दोष नाही. त्याचे क्रीडाआयुष्य जेमतेम दहा-पंधरा वर्षांचे असते.

विरारला हे नवे नाही. पृथ्वी शॉ लहानपणी विरारहून लोकलने वांद्र्याला क्रिकेटच्या सरावाला जात असे. मुंबईच्या फुटबॉलचे केंद्र असलेले कुपरेज मैदान चर्चगेटजवळ, म्हणजे इथून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. गुणी मूल पहाटेची गाडी पकडून मैदानाकडे जाऊ शकते. मैदान मात्र मुलाकडे येत नाही, आणि मूल गेले की मागे राहिलेला संघ तेवढा दुबळा होतो. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर होती. एवढ्या वस्तीत गुणी मुलांची वाण नसणार. कमतरता असलीच तर मैदानांची आणि प्रशिक्षकांची.

आता त्या मुलाला काय सांगावे? एक सामना तू जिंकू शकतोस, गणित तुझ्या बाजूला आहे. एखादे वर्षही जिंकता येते, पण त्यासाठी संघाची ताकद खरोखर वाढवावी लागते. सलग दहा वर्षे जिंकायचे असेल तर ते एकट्या संघाच्या हातात नाही. गावात मैदान राखले जाते का, शिकवणारा टिकतो का आणि स्पर्धेचे नियम लहान क्लबाला जागा देतात का, यावर ते ठरते. आम्ही त्याला हे असेच सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे शंभरातले सतरा तरी आपले?"

वर्गात पुढे करून पाहण्यासारखे: गरीब संघाची संधी १२ त १ होती, ती ९ त १ झाली तर निकाल किती बदलतात? (दोन फासे टाकून बेरीज ५ आली तर गोल, असे धरा.) आणि एक जास्त अवघड प्रश्न: फासा थकत नाही, घाबरत नाही. खऱ्या सामन्यातल्या कोणत्या गोष्टी आपल्या या खेळात आलेल्याच नाहीत? तुमच्या वर्गातले आकडे आणि मुलांची उत्तरे आम्हाला जरूर कळवा.