पंचवीस वर्षांचा शब्द

अबू सालेमला फाशी का झाली नाही, आणि जन्मठेप होऊनही तो २०३० साली सुटणार हे खरे का, हे दोन प्रश्न मला ओळखीचे लोक वारंवार विचारतात. मी वकील नाही. निकालपत्रे मुळातून वाचण्याची सवय पस्तिशीत लागली, ती सुटली नाही, एवढेच. १२ मार्च १९९३ रोजी शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, प्लाझा, सेंच्युरी बाजार अशा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. तो दिवस पाहिलेल्या मुंबईकराला ‘पोर्तुगालला शब्द दिला होता’ हे उत्तर पळवाट वाटते. उत्तर मात्र तेच आहे; फक्त तो शब्द कोणी दिला आणि तो कोणाला बांधतो, हे नीट पाहिले पाहिजे.

सालेम १८ सप्टेंबर २००२ रोजी लिस्बनमध्ये पकडला गेला. तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पण करारच नव्हता. दहशतवादी बॉम्बस्फोटांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार आणि परस्पर सहकार्याची हमी, एवढ्या आधारावर आपण माणूस मागितला. आणि मागितला कोणाकडे? सामान्य गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ सालीच रद्द करणाऱ्या देशाकडे. जन्मठेपही तिथे १८८४ पासून नाही. कैदेची कमाल मुदत २५ वर्षे. १७ डिसेंबर २००२ रोजी तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली: फाशी होणार नाही, आणि २५ वर्षांहून अधिक कैदही होणार नाही. ती दिली नसती तर सालेम हाती लागणे कठीण होते. ‘फाशी का नाही’ असे विचारताना आपण हे विसरतो. ११ नोव्हेंबर २००५ रोजी तो मुंबईत आणला गेला.

या हमीचे दोन भाग आहेत आणि कायद्यात दोघांची जागा वेगळी आहे. फाशीचा भाग सोपा. १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यात १९९३ साली ३४-सी हे कलम घातले गेले. माणूस देणाऱ्या देशात त्या गुन्ह्याला फाशी नसेल, तर इथे फाशीऐवजी जन्मठेप. पण २५ वर्षांची मर्यादा? ती कुठल्याच कलमात नाही. ती फक्त सरकारच्या पत्रात आहे.

गुजरातहून मुंबईत शस्त्रे पोचवण्यातील सहभागाबद्दल ७ सप्टेंबर २०१७ रोजी टाडा न्यायालयाने सालेमला जन्मठेप दिली. म्हणजे वचन मोडले का? ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने (न्या. संजय किशन कौल आणि न्या. एम. एम. सुंदरेश) याची उकल केली. सरकारने परदेशाला दिलेली हमी न्यायाधीशाचे हात बांधत नाही. त्याने कायद्याप्रमाणे शिक्षा द्यावी. पण ज्याने शब्द दिला ते सरकार बांधलेले आहे. २५ वर्षे पूर्ण होताच, अनुच्छेद ७२ खालील अधिकार वापरण्याचा सल्ला राष्ट्रपतींना देऊन त्याने कागदपत्रे महिन्याभरात पाठवावीत, किंवा त्याच मुदतीत दंडप्रक्रिया संहितेखालील शिक्षामाफीचा अधिकार स्वतः वापरावा. मला हा निकाल फार समंजस वाटतो.

याआधी एका बाबतीत आपली नाचक्की झाली होती. प्रत्यार्पणात विशिष्टतेचा नियम असतो: ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागितला, त्यांचाच खटला चालवायचा. सालेमवर इथे काही जादा कलमे लागली. २०१० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. लिस्बनच्या न्यायालयाने २०११ मध्ये मात्र अटींचा भंग झाला म्हणून प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द ठरवली आणि तिथल्या वरच्या न्यायालयांतही आपण हरलो. परदेशी निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, हे आपल्या न्यायालयाने सांगितले खरे. तरी २०१३ मध्ये सीबीआयने जादा आरोप मागे घेण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. वाद जिंकूनही पाऊल मागे घेणे भाग होते, कारण पुढचा फरारी मागायला पुन्हा परदेशी न्यायालयातच जायचे असते. विजय मल्ल्याच्या खटल्यात लंडनच्या न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातील १२ क्रमांकाच्या बराकीची चित्रफीत मागवली होती. खिडकीतून उजेड किती येतो, इथवर तपासणी चालते!

आता उरला हिशेब. पोर्तुगालमध्ये पकडल्यापासून, म्हणजे २००२ पासून, मोजा असे सालेमचे म्हणणे होते. पण तिथे तो बनावट पासपोर्टची शिक्षाही भोगत होता. म्हणून ते मान्य झाले नाही आणि मोजणी २००५ पासून धरली गेली. मग त्याने नवा मुद्दा काढला: तुरुंगात चांगल्या वर्तनाबद्दल मिळणारी सूट धरली तर २५ वर्षे भरली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका सुनावणीस घेतली, मात्र प्रथमदर्शनी २५ वर्षे पूर्ण झालेली दिसत नाहीत, असे नोंदवले. हमीतील पंचवीस वर्षे म्हणजे प्रत्यक्ष गजाआड काढलेली, की तुरुंगाच्या वहीतली सूट मिळवून भरलेली, हा प्रश्न २००२ च्या पत्राचा मसुदा करताना कोणाच्या मनात तरी आला असेल का, कोण जाणे.