जिंकलेल्या दाव्याचा खर्च

महागावच्या तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला, तर दिव्यांग अर्जदाराला नागपूर खंडपीठापर्यंत जाण्याची वेळ येऊ शकते. २०२३ मध्ये हे अनुदान महिना १,५०० रुपये झाले. त्या दराने वर्षाचे १८,००० होतात. वकिलाची फी आणि नागपूरच्या खेपा यांतच ते संपले, तर जिंकून हाती काय उरले?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३५ चा रोख असा, की खर्च हरणाऱ्याने द्यावा. न्यायालयाने तसे केले नाही तर कारणे लिहावीत. सेलम वकील संघाच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खर्च वास्तव असावा असे बजावले. प्रवास, मुक्काम, वकिलाची फी हे सारे त्यात धरले. रिट याचिकेत मात्र तो न्यायालयाच्या विवेकावर असतो. म्हणून खर्चाची मागणी याचिकेतच करावी, पावत्या जपाव्यात.

अमेरिकेत १९८० च्या कायद्याने, सरकारची भूमिका पुरेशी समर्थनीय नसेल, तर जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी सरकारवर पडते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. मिळालेल्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवायलाही वकिलांना मनाई आहे.

पण दुसरे दार उघडे आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य असल्यास मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करता येते. उच्च न्यायालयासाठी वेगळी समिती आहे. झालेला खर्च परत मिळेलच असे नाही. तो होऊच न देण्याचा हक्क मात्र कायद्यात लिहिलेला आहे. वकीलपत्रावर सही करण्याआधी तो मागावा.