कू चीच्या शूटिंग रेंजवर जाण्याआधी

मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमान मिळू लागल्यापासून व्हिएतनाम मराठी सहलींच्या यादीत चांगलंच वर आलं आहे. या सहलींत कू चीचे बोगदे जवळपास ठरलेले असतात. शहराच्या वायव्येला साधारण 60-70 किलोमीटरवर, आधी फ्रेंचांविरुद्ध आणि पुढे अमेरिकेविरुद्ध लढताना जमिनीखाली खणलेलं हे जाळं एकेकाळी अडीचशे किलोमीटरच्या आसपास पसरलं होतं. बेन दिन्ह आणि बेन दुओक या दोन ठिकाणी त्याचा काही भाग पाहता येतो. बोगदे पाहता पाहता मध्येच गोळीबाराचे आवाज येतात, कारण आवारातच पर्यटकांसाठी शूटिंग रेंज आहे. तिथे पैसे भरून एके-47, एम-16, एम-60 अशा युद्धकाळातल्या बंदुका चालवता येतात. या रेंजबद्दल ग्रुपमध्ये बऱ्याच ऐकीव गोष्टी फिरतात. त्यातल्या काही निरुपद्रवी असतात, काही मात्र कायमचं नुकसान करू शकतात.

गैरसमज : पर्यटकांना खोट्या गोळ्या देतात.

वस्तुस्थिती : काडतुसं जिवंत असतात. एके-47 ची सुमारे 8 ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला 700 मीटरहून अधिक वेगाने सुटते, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने. एम-16 ची गोळी त्याहून हलकी आणि त्याहून वेगवान असते. इथे अपघात टळतात ते मांडणीमुळे. बंदूक लोखंडी आधारावर जखडलेली असते, त्यामुळे नळी बाजूला किंवा मागे वळवता येत नाही. शेजारी प्रशिक्षक उभा असतो आणि काडतुसं तोच भरतो. ही सगळी व्यवस्था शस्त्र खरं आहे म्हणूनच केलेली आहे. घोडा दाबूनही गोळी सुटली नाही तर बंदूक रिकामी आहे असं समजू नका. बोट घोड्यावरून काढा, नळीसमोर वाकून पाहू नका आणि प्रशिक्षकाला हाक मारा. काही वेळा काडतूस क्षणभर उशिराने पेटतं.

गैरसमज : दहा गोळ्यांनी कानाला काय होणार? दिवाळीत फटाके ऐकतोच की.

वस्तुस्थिती : ही समजूत सगळ्यांत महागात पडते. रायफल उडवणाऱ्याच्या कानाशी आवाजाचं शिखर 150 ते 160 डेसिबलच्या घरात जातं. प्रौढांसाठी 140 ही वरची मर्यादा मानतात आणि मुलांसाठी त्याहूनही खालची, 120. डेसिबलची मोजपट्टी अशी आहे की दर 3 अंकांनी ध्वनीची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, त्यामुळे 140 आणि 158 यांत साठपटींहून अधिक अंतर पडतं. अंतर्कर्णातल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. एकाच बारानंतर कानात सुरू झालेली शिट्टी कायमची राहू शकते.

रेंजवर कानावर लावायला मफ देतात, पण ते नीट बसले तरच उपयोगी पडतात. टोपी, कानावरून घेतलेली ओढणी, चष्म्याच्या जाड काड्या, केसांचा जुडा यांपैकी काहीही मफ आणि त्वचेच्या मध्ये आलं की फट राहते आणि आवाज तिथून आत शिरतो. आधी टोपी काढा, केस मागे घ्या, मग दोन्ही हातांनी मफ दाबून बसवा. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे आधी कानात घालून वर मफ लावले तर आणखी चांगलं. घरून निघताना प्रत्येकाने एक जोडी खिशात टाकावी.

मफ फक्त गोळी मारणाऱ्याने लावायचे असंही बरेच जण समजतात. मागे मोबाइलवर व्हिडिओ काढणारी वहिनी, पायरीवर वाट पाहणारे काका आणि कडेवरचं मूल हेही तोच आवाज ऐकत असतात. छत आणि भिंतींमुळे तो परत फिरून त्यांच्यापर्यंत येतो. ज्याला मफ नाही त्याने रेंजपासून लांब थांबावं. लहान मुलांना तर तिथे नेऊच नये.

गैरसमज : बंदुकीच्या झटक्याने माणूस मागे फेकला जातो.

वस्तुस्थिती : हे सिनेमात होतं. गोळी जेवढ्या संवेगाने पुढे जाते, तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो, पण बंदूक गोळीच्या कित्येकशे पट जड असते. मोकळ्या रायफलचा धक्का खांद्याला नक्की जाणवतो, पण पाय उचलले जात नाहीत. कू चीत बंदूक आधाराला जखडलेली असल्यामुळे त्यातलाही बराचसा भाग आधार पेलतो. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट टेकवावा आणि गाल प्रशिक्षक सांगेल तिथेच ठेवावा.

लोक दचकतात ते दुसऱ्याच गोष्टीने. प्रत्येक गोळीमागे रिकामी पितळी किंवा पोलादी पुंगळी बंदुकीच्या उजव्या बाजूने उडते, आणि ती चटका बसेल इतकी तापलेली असते. खोल गळ्याच्या कपड्यात ती शिरली की माणूस उडी मारतो. म्हणून गळाबंद शर्ट आणि पुढून बंद असलेले बूट घालावेत.

गैरसमज : पैसे सहलीत भरलेलेच आहेत, मग मनसोक्त मारू.

वस्तुस्थिती : गोळीबार बहुतेक सहलींच्या शुल्कात धरलेला नसतो. पैसे गोळीगणिक घेतात आणि सहसा एका वेळी किमान 10 गोळ्या घ्याव्या लागतात. त्या दोघांत वाटून घेता येतील का, हे पैसे भरण्याआधीच विचारावं. एके-47 मिनिटाला 600 गोळ्यांच्या वेगाने चालते, म्हणजे स्वयंचलित पद्धतीत 10 गोळ्या एका सेकंदात संपतात. या बंदुकीचा खटका वर असेल तर ती बंद असते, मधल्या खाचेत स्वयंचलित आणि सगळ्यांत खाली एकेक गोळी. प्रशिक्षकाला एकेक गोळीच मागा. पैसाही पुरतो आणि आपण काय करतो आहोत याचं भानही राहतं.

गैरसमज : गोळी समोर जाते, आपल्या अंगाला काही लागत नाही.

वस्तुस्थिती : काडतूस पेटवणाऱ्या भागात शिशाची संयुगं असतात. त्यांची बारीक धूळ हातांवर, बाह्यांवर आणि केसांत बसते. कू चीच्या फेरीत पाहुण्यांना उकडलेला टॅपिओका देतात, सोबत शेंगदाण्याचं कूट, मीठ आणि साखर. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कंद. बोगद्यांत राहून लढणारी माणसं त्यावर दिवस काढत. तो हातानेच खातात, आणि गोळीबार करून आलेला हात थेट ताटलीत गेला तर शिसं पोटात जातं. सॅनिटायझरने ते निघत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. गर्भवतींनी आणि लहान मुलांनी रेंजपासून दूर राहावं, कारण शिशाचा धोका त्यांना सर्वाधिक असतो.

गैरसमज : आठवण म्हणून एक काडतूस खिशात टाकलं तर काय बिघडलं?

वस्तुस्थिती : पुष्कळ बिघडतं. भारतात परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हा 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. विमानतळावर बॅगेत जिवंत काडतूस सापडलं की पोलीस येतात, जबाब होतात, विमान चुकतं आणि पुढे कोर्टाच्या तारखा सुरू होतात. रिकामी पुंगळी किंवा गोळीच्या आकाराची की-चेनसुद्धा क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर काडतुसासारखीच दिसते आणि तपासणीत अडकवते. रेंजवरचं काहीही उचलू नका. बॅग तिथून निघतानाच एकदा झाडून पाहा, मुलांचे खिसेही तपासा.

गैरसमज : इथे चार गोळ्या मारल्या की नेमबाजी कळते.

वस्तुस्थिती : जखडलेल्या बंदुकीवर श्वास रोखणं, तोल सांभाळणं, घोडा हळुवार दाबणं यांतलं काहीच शिकता येत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव आहे. ज्याला खरंच आवड लागेल त्याने पुण्याच्या बालेवाडीसारख्या ठिकाणी 10 मीटर एअर रायफलपासून सुरुवात करावी.

गैरसमज : सगळ्यांनी मारली, आपण मागे राहिलो तर बरं दिसत नाही.

वस्तुस्थिती : नको म्हणणं पूर्ण योग्य आहे. ज्यांच्या घरी कोणी सैन्यात होतं, ज्यांनी दंगल किंवा हल्ला पाहिला आहे, ज्यांच्या कानाचा किंवा हृदयाचा त्रास चालू आहे, त्यांना हा आवाज असह्य होऊ शकतो. "काका, तुम्ही पण मारा ना!" असा आग्रह प्रेमाने केला तरी माणूस कोंडीत सापडतो. शिवाय ही लढाईची जागा आहे. बेन दुओकच्या स्मारक मंदिरात 44 हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावं कोरली आहेत. ज्याला रेंजवर जायचं नाही त्याने तो वेळ त्या मंदिरात घालवला, तर त्याची सहल कुठेही उणी राहत नाही.

म्हणून टूर लीडरने हे सगळं बसमध्येच बोलून घ्यावं. कोण मारणार, कोण थांबणार आणि कुठे थांबणार, मुलं कोणाकडे राहणार, हात कुठे धुवायचे हे शहर सोडतानाच ठरलं की काउंटरसमोर घाई होत नाही. जेवणात बिअर घेतलेल्याने त्या दिवशी बंदुकीला हात लावू नये, हेही तिथेच स्पष्ट सांगावं. रेंजवरचे कर्मचारी फक्त बंदुकीची दिशा सांभाळतात. कान, हात, खिसे आणि सोबतची माणसं ग्रुपनेच सांभाळायची असतात.